कारणाच्या दोन ओळी

रविवार, ९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे ठीक आहेत, निदान अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही. गेल्या आठवड्यात तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा बाळ दूध किती पितं, नाक कुणावर गेलंय, एवढंच बोलून ठेवून दिला. शिवाय तुझ्या व्याह्यांकडे फोन मोठ्या आवाजावर ठेवून सगळं घर भोवती बसतं. म्हटलं, लिहूनच टाकावं. कागद निदान मध्येच 'आणखी काय विशेष?' असं विचारत नाही.

चिमी आता उठून बसते का? तिला म्हणावं, मामा येणार होता, पण मामाला सुट्टी देणारा मामाच असल्यामुळे जमलं नाही. हिने बाळासाठी चार दुपटी शिवली आहेत. त्यातली दोन वाकडी आहेत, ती आधी वापरून टाका. माझी पाठ आहे तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. सुपरवायझरनं बसून काम केलं तर बाकीचे झोपून करतील, हे त्यांना कोण सांगणार?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. भावोजी कामावर येत नाहीत. एक तारखेपासून येत नाहीत, म्हणजे आज नऊ दिवस झाले. निरोप नाही, अर्ज नाही, चिठ्ठी नाही. मला वाटलं होतं तुला माहीत असेल, पण फोनवर तू परवा म्हणालीस, 'त्यांना डबा वेळेवर न्यायला सांग रे.' तेव्हा कळलं की तुला पत्ता नाही.

आमच्या कपांच्या कारखान्यातला नियम तुला ऐकून पाठ असेल. न कळवता तीन दिवस खाडा झाला की मी तोंडी विचारायचं. आठ दिवस झाले की घरी पत्र. एकवीस दिवस झाले की नाव कमी, मग माणूस किती का जुना असेना. सात वर्षं मी हा नियम लोकांना लावतोय. तुला सांगतो ताई, खाडा करणाऱ्यांचा मला कधी त्रास वाटला नाही. खुलाशाच्या कागदावर कारणासाठी दोन ओळी असतात, त्यात लोक काहीही लिहितात. आमच्या भट्टीवाल्याचा मेहुणा आजवर तीनदा वारलाय. रंगकामातल्या एका बाईंनी चार दिवसांच्या खाड्याला कारण दिलं, 'घड्याळ बंद पडले.' मी सही करून टाकली. दोन ओळी भरलेल्या असल्या की माझं काम होतं, आत काय आहे ते साहेबही वाचत नाहीत. कोऱ्या कागदाचं मात्र मला काही करता येत नाही.

आठव्या दिवशीचं पत्र मी स्वतःच तुमच्या घरी घेऊन गेलो. दोनदा गेलो. दार वाजवलं, कडी हलवली, हाका मारल्या. आत दिवा होता. त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून उघडलं नाही, की मी आहे म्हणून उघडलं नाही, ते मला कळेना. शेवटी दाराखालून सरकवून आलो.

टिचकीच्या बाकावर सध्या कोणी नाही. रंगकामातल्या बायका आळीपाळीनं बसतात आणि वैतागून उठतात. दिवसाला अकराशे कप हातात घ्यायचे, लाकडी काडीनं प्रत्येकाला टिचकी द्यायची, खणखणीत वाजला तर डावीकडे, बद्द वाजला तर उजवीकडे. आपल्याला सोपं वाटतं. एकोणतीस वर्षं ते हे करत आले आणि मी त्यांना कधी डाव्या-उजव्यात गोंधळलेलं पाहिलं नाही, अगदी परवापरवापर्यंत.

तू एक कर. त्यांना समजाव. त्या दोन ओळींत 'आजारी होतो' एवढंच लिहायचंय, बाकी मी बघून घेतो. कोणीतरी काहीतरी बोललं असेल त्यांना. कामाच्या जागी शब्द इकडेतिकडे होतात, माणसानं इतकं मनावर घेऊ नये. निवृत्तीला अकरा महिने उरलेत. एवढ्यासाठी नाव कटवून घ्यायचं म्हणजे हद्द झाली.

बाळाला माझा आशीर्वाद. थंडी असेल तर टोपरं घालत जा.

तुझा लाडका,
धाकल्या


सोमवार, १७ मार्च, जेवणाची सुट्टी

ती. ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उघडायच्या आधी हातात घेऊन बघितलं, एवढं हलकं कसं म्हणून. त्यात तीनच वाक्यं.

'ते मला फोनवर नुसतं बरं बरं म्हणतात. तू दीड पान लिहिलंस. कोण बोललं, ते लिहिलं नाहीस.'

मी बोललो, ताई.

पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. लिहायचं म्हणूनच बसलो होतो आणि मग मेहुणे, घड्याळं आणि दुपटी मध्ये आली. आता सरळ सांगतो. तू मध्येच पत्र ठेवून देऊ नकोस, एवढंच मागतो.

त्यांचे कान गेल्याचं तुला माहीत असणारच. मलाही दीडेक वर्षापासून माहीत आहे. भोंगा झाला तरी ते काम करत राहायचे, बाकीचे उठलेले दिसले की उठायचे. बारीक आवाज त्यांना येईनासा झाला होता, आणि कपाचा आवाज तर बारीकच. मी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांच्या डावीकडच्या खोक्यांतले कप वरवर तपासायचो आणि तडकलेले काढून टाकायचो. कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेतोय. खरं म्हणजे त्यांच्याशी हे बोलायची माझी छाती नव्हती. ज्या माणसानं मला त्या फाटकातून आत नेऊन पहिल्या दिवशी ॲप्रनची गाठ बांधायला शिकवलं, त्याला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? रोज उद्यावर ढकललं. आणि मग पाठीनं दगा दिला, संध्याकाळचं वाकणं बंद झालं, खोकी न बघताच जायला लागली.

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला एका मोठ्या खानावळीकडून आमचा माल परत आला. साठ कप गळके. गरम चहा कुणाच्या तरी मांडीवर सांडला होता. साहेब खाली आले आणि रंगकामाच्या टेबलापाशी, सगळ्या बायकांच्या देखत, मला धुऊन काढलं. 'सुपरवायझर आहात की पाहुणे?' म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. साहेब जिना चढून वर गेले आणि मी तसाच भावोजींच्या बाकाकडे गेलो.

म्हणालो, 'भावोजी, जरा भिंतीकडे तोंड करून बसा.'

त्यांना आधी गंमत वाटली. हसत हसत वळले. मी पाच कप घेतले आणि त्यांच्या पाठीमागे एकेकाला टिचकी मारली. 'चांगला की तडकलेला, सांगा.' आजूबाजूची सगळी चाकं थांबली होती. पहिला त्यांनी बरोबर सांगितला. दुसरा चुकला. तिसऱ्याला जरा वेळ घेतला आणि तोही चुकला. तिथेच थांबायला हवं होतं. मी पाचही वाजवले. तीन चुकले. भट्टीवाला हसला, आणि त्याचं ऐकून आणखी एकदोन जण हसले. आणि मी, ताई, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणालो, 'मग बाकावर तुम्हाला शोभेला बसवलंय का?'

ते त्यांना ऐकू गेलं.

वळले. माझ्याकडे बघितलं नाही. हात पुसले, ॲप्रन काढून घडी केली, घडीवर काडी ठेवली आणि निघून गेले. साडेअकरा वाजले होते. एकोणतीस वर्षांत ते भोंग्याच्या आधी कधी फाटकाबाहेर पडले नव्हते. मी मस्टरवर लिहिलं, 'तब्येत बरी नाही, अर्धा दिवस.' माझं ते पहिलं खोटं कारण. लोकांची इतकी वाचलीत, मला सुचायला वेळ लागला नाही.

तुझं पत्र वाचून शनिवारी सुटल्यावर पुन्हा घरी गेलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, मागून जा, कपडे वाळत घालतायत. मला बघून त्यांनी उरलेले दोन टॉवेल घातले, चिमटे लावले आणि मग 'ये' म्हणाले. दाढी केलेली होती, घर लख्ख होतं. मला वाटलं होतं माणूस खचलेला दिसेल, म्हणजे मला निदान रडता येईल. त्यांनी चहा टाकला. कप काढले आणि सवयीनं नखानं टिचकी दिली. मग माझ्याकडे बघून कप खाली ठेवला आणि चहा गाळला.

मी खुलाशाचा कागद पुढे केला. म्हटलं, 'आजारी होतो, एवढं लिहा.'

'आजारी नव्हतो.'

'मग चिमीच्या बाळंतपणाला गेलो होतो, लिहा.'

'गेलो नव्हतो. आणि जन्मून महिना झाला नाही त्या पोराला, त्याचं नाव खोट्या कागदावर कशाला?'

'मग खरं ते लिहा.' हे मला दोनदा म्हणावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मोठ्यानं म्हटलं तर आवाज त्या दिवशीचाच निघाला.

ते म्हणाले, 'खरं लिहायचं तर तुझं नाव लिहावं लागेल. तुला तिथे मी आणलंय.'

आणि कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली.

तुला माहीत नसेल, दोन वर्षांपूर्वीच्या भांडणानंतर साहेबांनी फलकावर लावलंय की कामगाराचा चारचौघांत अपमान करणाऱ्याचं पद जाईल. ते कुठल्या सुपरवायझरला आजवर लागलं नाही, कारण कुणी लेखी दिलंच नाही. भावोजींनाही ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्यांनी कागद कोरा ठेवलाय. येत्या शुक्रवारी एकविसावा दिवस. त्यांचं नाव कटेल. निघणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या दिवशी तळाशी नाव रंगवलेला कप देतात ना, एकोणतीस वर्षं त्या प्रत्येक कपाला टिचकी देऊन पास करणारे हेच. त्यांच्या नावाचा होणार नाही.

आता सगळ्यात वाईट सांगतो आणि थांबतो, भोंगा व्हायला आलाय. तुमच्या घरून परत येताना मला हलकं वाटलं. ते लिहिणार नाहीत, म्हणजे माझं पद राहील, असं मनात आलं. कोपऱ्यावर येईपर्यंत तेच मनात होतं. मग स्वतःची इतकी किळस आली की हिला घरी जाऊन काही सांगता आलं नाही. तुला सांगतोय.

काय करू ते सुचत नाही. थकलोय. तू लिही काहीतरी.

तुझा भाऊ


रविवार, ३० मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. बुधवारपर्यंत वाट पाहिली, मग पाहायचं सोडलं. तू काय लिहिणार होतीस? माझं मलाच ठरवायचं होतं आणि मी ते तुझ्यावर ढकलत होतो, जसं आधी उद्यावर ढकलत होतो.

गुरुवारी, वीस तारखेला, जेवणाच्या सुट्टीत खुलाशाचा कागद काढला आणि भावोजींच्या नावाखाली, माझ्या अक्षरात, कारणाच्या दोन ओळी भरल्या. 'सुपरवायझर, म्हणजे खाली सही करणारा, याने सर्व कामगारांसमोर यांची परीक्षा घेऊन अपमानास्पद शब्द वापरले. त्यामुळे ते कामावर आले नाहीत.' दोन ओळींत मावलं. सात वर्षांत मी वाचलेल्यांपैकी हे सगळ्यात खरं कारण असेल. हिला त्या रात्री सगळं सांगितलं. ती दुपटं शिवत राहिली. हे पाचवं सरळ आलंय.

कागदावर त्यांची सही लागतेच. शुक्रवारी कामावर जाता जाता गेलो. या वेळी दार वाजवायच्या आधीच उघडलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. मला वाटलं फाडतील. पेन मागितलं. सही केली आणि सहीच्या वर, जागा नसताना, बारीक अक्षरात एक ओळ घातली. ती मी फाटकापाशी पोचल्यावर वाचली.

'परीक्षेचा निकाल खरा आहे. मला ऐकू कमी येते. फक्त परीक्षेची जागा चुकली.'

मी लिहिलेल्यानं माझं पद जाणार होतं. त्यांनी लिहिलेल्यानं त्यांचा बाक गेला. कुणी मागितलं नव्हतं, पण अर्धं खरं लिहिणं त्यांना जमत नाही. ताई, तू या माणसाबरोबर तीस वर्षं संसार कसा केलास?

साहेबांनी कागद वाचला. हा मात्र वाचला. मला विचारलं, 'विचार करून दिलाय?' मी हो म्हणालो. म्हणाले, 'तोंडी मिटलं असतं.' मी म्हटलं, तोंडीच तर झालं होतं साहेब. ते हसले नाहीत.

तर निकाल असा. त्यांचा खाडा माफ, नाव कायम, अकरा महिने पॅकिंगमध्ये. माझं पद गेलं, वर्षभरानं पुन्हा बघू म्हणाले. सुपरवायझर म्हणून पॅकिंगमधला एक शांत माणूस आलाय, त्याच्या हाताखाली मी. आणि टिचकीच्या बाकावर बसायला कोणी तयार नसल्यामुळे साहेबांनी तिथे मला बसवलंय. पाठीला बरं, बसून काम आहे. पहिला आठवडा भावोजींनी शेजारी बसून मला शिकवायचं, असाही हुकूम झाला.

सोमवारी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. भट्टीवाल्यापासून सगळे काहीतरी निमित्त काढून तिथून जात होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. तू विचारणार म्हणून सांगतो, आजपर्यंत बोललेले नाहीत. काडी धरायची कशी ते माझी बोटं सरळ करून दाखवलं. कप तळहातावर मोकळा ठेवायचा, पकडायचा नाही, तेही हातानंच दाखवलं. मला वाटलं होतं दोन तासांत जमेल. शंभर कपांनंतर मला सगळेच सारखे वाजायला लागले. खणखणीत कुठे संपतं आणि बद्द कुठे सुरू होतं, काही कळेना. आणि समोर रंगकामाच्या बायका, बाजूला भट्टीवाला.

तेवढ्यात मी एक कप वाजवला आणि डावीकडे ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला. आवाज त्यांना आला नसणार. कड बघून किंवा अंगठ्याच्या नखानं सापडला असेल. तडा होता, केसासारखा, कानापासून तळापर्यंत. मला वाटलं, आता तो हात वर जाईल, सगळ्यांना दिसेल. जावा असं मलाही वाटत होतं, खरं सांगतो. फिटलं असतं.

त्यांनी तो गुडघ्याजवळून, कुणी बघायच्या आत, उजवीकडच्या खोक्यात ठेवला. आणि पुढचा कप माझ्या हातात दिला.

मी तो तळहातावर मोकळा ठेवला आणि टिचकी दिली.

चिमीचा दुसरा महिना भरला की तू येशील. तुला जे बोलायचंय ते सगळ्यांसमोर बोल, घरी बोल, किंवा बोलू नकोस. पाचवं दुपटं सोबत पाठवतो.

तू बोलावशील त्या दिवशी, त्या वेळी, दारात हजर असणारा,
तुझा धाकटा भाऊ